बेरीज नको, आकृती वाचा: खाण आणि कारखान्यालगतच्या मातीतील दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांची तपासणी

‘एकूण दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये २१० पीपीएम’ (म्हणजे दर दहा लाख भागांत २१० भाग) असा एक आकडा अहवालात येतो आणि गावात लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो जमीन नासली, दुसरा म्हणतो हे तर नैसर्गिकच. खरे सांगायचे तर त्या एका आकड्यावरून दोघांपैकी कोणालाच काही सिद्ध करता येत नाही. ही मूलद्रव्ये प्रत्येक मातीत असतातच. प्रश्न असतो तो ती कोणत्या प्रमाणात एकमेकांसोबत आली आहेत, कुठून आली आहेत आणि पाण्याबरोबर हलतात की जागच्या जागी बसून आहेत, हा. या लेखात शेतातल्या खड्ड्यापासून अहवालाच्या अर्थापर्यंतची वाट सांगितली आहे. भूशास्त्र, पर्यावरणशास्त्र, कृषी रसायनशास्त्राचे विद्यार्थी आणि खाणीच्या, औष्णिक वीज केंद्राच्या किंवा खत कारखान्याच्या शेजारी राहून स्वतःच्या मातीची काळजी करणारे गावातले अभ्यासगट माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

सुरुवातीला एवढे पक्के हवे

लँथॅनम ते ल्युटेशियम ही पंधरा, शिवाय इट्रियम आणि स्कँडियम, अशी ही सतरा मूलद्रव्ये. पैकी प्रोमेथियम निसर्गात जवळजवळ नसतेच, म्हणून ते मोजत नाहीत. लँथॅनमपासून युरोपियमपर्यंतची हलकी, गॅडोलिनियमपासून पुढची जड. रसायनात जड मूलद्रव्यांशी जुळणारे इट्रियम त्यांच्याच गटात धरतात.

भूकवचाच्या वरच्या थरात सरासरीने लँथॅनम ३१ पीपीएम, सेरियम ६३, प्रासिओडिमियम ७.१, निओडिमियम २७, युरोपियम १ आणि ल्युटेशियम अवघे ०.३१ पीपीएम असते. तांबे २८ पीपीएम आहे, म्हणजे साध्या मातीतही सेरियम तांब्याच्या दुपटीहून जास्त असू शकते. सम अणुक्रमांकाची मूलद्रव्ये शेजारच्या विषम मूलद्रव्यांपेक्षा विपुल असल्यामुळे नुसते आकडे आलेखावर मांडले तर करवतीचे दाते दिसतात. म्हणून प्रत्येक आकड्याला एका ठरलेल्या संदर्भाच्या आकड्याने भागतात: भूकवचाच्या सरासरीने, ऑस्ट्रेलियन शेल या गाळखडकाच्या सरासरीने किंवा कॉन्ड्राइट या प्रकारच्या दगडी उल्केतल्या प्रमाणाने. भागल्यावर दाते जातात आणि एक सलग रेषा उरते. मी ‘आकृती’ म्हणतो ती हीच. निसर्ग ही रेषा सहसा मोडत नाही. मोडतो तो फक्त सेरियम आणि युरोपियमपाशी, कारण या दोघांचीच संयुजा मातीत आणि खडकात बदलते. लँथॅनम, गॅडोलिनियम किंवा निओडिमियमपाशी रेषा एकटीच उसळी घेत असेल तर माणसाच्या उद्योगाचा माग काढायला लागावे.

पहिली पायरी: शिवारात जाण्याआधी कागद

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश या संकेतस्थळावर तुमच्या भागाचा भूशास्त्रीय नकाशा मिळतो. राष्ट्रीय भूरासायनिक नकाशांकनात दोन बाय दोन किलोमीटरच्या चौकटीतून ओढ्या-नाल्यांचा गाळ तपासला जातो आणि त्यात ही मूलद्रव्येही असतात. तुमच्या टोपोशीटची (स्थलदर्शक नकाशाच्या पत्रकाची) आकडेवारी उपलब्ध असेल तर ती आधी उतरवून घ्या. फुकटात मिळणारी इतकी मोलाची माहिती बहुतेक अभ्यासगट उघडूनही पाहत नाहीत, याचे मला वाईट वाटते.

मग संशयित स्रोतांची यादी करा. प्रत्येक स्रोत आपली वेगळी खूण ठेवतो.

तेलशुद्धीकरणातल्या उत्प्रेरकात लँथॅनम आणि काही वेळा सेरियम मिसळलेले असते. जर्मनीत वर्म्स शहराजवळ असे उत्प्रेरक बनवणाऱ्या कारखान्याच्या सांडपाण्यामुळे ऱ्हाइन नदीच्या पाण्यात लँथॅनमची ठळक उसळी आढळली होती. काच घासण्याच्या भुकटीत मुख्यतः सेरियम असते. चुंबक आणि ई-कचऱ्यात निओडिमियम, प्रासिओडिमियम, डिस्प्रोसियम. समुद्री फॉस्फेट खडकात समुद्राच्या पाण्याकडून आलेला सेरियमचा खड्डा, म्हणजे रेषा तिथे खाली वाकणे, टिकून असतो आणि इट्रियम-होल्मियम गुणोत्तर वाढलेले असते. फॉस्फॉरिक आम्ल तयार करताना खडकातील या मूलद्रव्यांचा मोठा वाटा फॉस्फोजिप्सम या टाकाऊ जिप्समच्या ढिगात जातो. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये मात्र जिप्सम वेगळे काढत नाहीत, त्यामुळे सगळे पोत्यातूनच शेतात येते. मोनाझाइट हे याच मूलद्रव्यांचे फॉस्फेट खनिज असेल तर हलकी मूलद्रव्ये भरपूर, युरोपियमचा खोल खड्डा आणि सोबत थोरियम. एमआरआयच्या तपासणीत वापरले जाणारे गॅडोलिनियम १९९६ मध्ये बर्लिनच्या नद्यांत प्रथम ओळखले गेले. पण त्याचे संयुग मातीला फारसे चिकटत नाही, म्हणून ते पाण्यात शोधावे.

दगडी कोळशाची राख ही आपल्याकडची सर्वांत मोठी बाब. तिची खूण सूक्ष्म आहे, तिच्याबद्दल पुढच्या पायरीत.

दुसरी पायरी: तुलनेची जागा निवडणे

माझ्या मते निम्मा अभ्यास इथेच जिंकला किंवा हरला जातो. कारखान्यापासून वीस किलोमीटरवरची ‘स्वच्छ’ माती आणून तुलना केली आणि तिथला मूळ खडकच वेगळा निघाला, तर दिसणारा फरक खडकांतला असतो. प्रदूषणाचा त्याच्याशी संबंध नसतो.

महाराष्ट्रात याला फार महत्त्व आहे. परळी, एकलहरे आणि दीपनगर ही औष्णिक केंद्रे दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या प्रदेशात आहेत, पण दगडी कोळसा गोंडवन काळातल्या गाळखडकांतला. त्या कोळशातली माती-राख प्राचीन ग्रॅनाइट आणि नाइस खडकांच्या झिजेतून आलेली. ग्रॅनाइटी मूळ असलेल्या पदार्थात, कॉन्ड्राइटने भागल्यावर, युरोपियमपाशी स्पष्ट खड्डा दिसतो. दख्खनच्या बेसाल्टात तो नसतो किंवा अगदी उथळ असतो. म्हणजे बेसाल्टी काळ्या जमिनीवर राख साचत गेली तर एकूण बेरीज फार न वाढताही युरोपियमचा खड्डा खोल होत जाईल. चंद्रपूर आणि कोराडीच्या बाजूला ही युक्ती इतकी सरळ चालत नाही. तिथे गोंडवन, त्याहून जुने खडक आणि बेसाल्ट असे सगळे जवळजवळ आहेत. दोन शेजारच्या गावांची मातीही वेगळ्या कुळातली असू शकते. तिथे प्रत्येक प्रकारच्या खडकासाठी तुलनेची वेगळी जागा हवी.

जागा निवडताना गावातल्या जुन्या माणसांना विचारा: इथे धरणाचा गाळ टाकला होता का? ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत अनेक शेतांवर दुसरीकडचा गाळ पसरला गेला आहे. असे शेत तुलनेला चालणार नाही. रस्त्याचा भराव, वीटभट्टीची राख, कोंबडखत, पूर, हे सगळे विचारून घ्या. देवराई, जुने गायरान किंवा वर्षानुवर्षे न नांगरलेली पडीक जमीन मिळाली तर उत्तम. वाऱ्याची दिशा हवामान खात्याच्या आकडेवारीतून पाहा. राख उडते ती कोरड्या महिन्यांत. म्हणून वर्षभराच्या सरासरीपेक्षा मार्च ते मे मधला वारा कुठून कुठे वाहतो ते महत्त्वाचे.

तिसरी पायरी: माती उचलणे

पीक निघाल्यावर, खत टाकण्याआधी आणि पावसाच्या आधी, म्हणजे एप्रिल-मेमध्ये नमुने घ्या. स्रोतापासून वाऱ्याच्या दिशेने २५० मीटर, ५०० मीटर, १, २ आणि ५ किलोमीटर अशा अंतरांवर, आणि विरुद्ध दिशेलाही. अंतरे दुपटी-अडीचपटीने वाढवायची, कारण धूळ स्रोताजवळ भराभर आणि पुढे हळूहळू कमी होत जाते.

हवेतून पडलेली धूळ शोधायची तर वरचा ५ सेंटिमीटरचा थर वेगळा घ्या. पिकाच्या मुळांना काय मिळते हे पाहायचे असेल तर २० सेंटिमीटरपर्यंतचा. शेतात नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणी व्ही आकाराचा खड्डा करा, त्याच्या कडेची सारख्या जाडीची माती घमेल्यात गोळा करा, ढेकळे फोडून मिसळा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका. किलोभर उरेपर्यंत हेच. माती परीक्षणाची ही पद्धत आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे त्यांना सोबत घ्याच.

काळ्या जमिनीबाबत एक सावधगिरी. एरवी वरचा थर आणि ६० सेंटिमीटरखालचा थर यांची तुलना करून ‘वरून आलेले’ ओळखता येते. पण काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, वरची माती भेगांत पडते आणि पावसाळ्यात फुगून आतल्या आत घुसळली जाते. राखेचे कण अशा जमिनीत खोलवर सापडले तरी नवल नाही. इथे खोलीच्या तुलनेवर विसंबू नका. अंतराच्या तुलनेवर भर द्या.

राख वाहून येऊन शेतात साचली असेल तर गोष्ट वेगळी. जुलै २०२२ मध्ये कोराडीजवळ खसाळ्याच्या राखतळ्याचा बांध फुटला आणि राख आसपासच्या शिवारात पसरली, तशा प्रसंगी राखेचा थर आणि खालची माती कधीही एकत्र करू नयेत. थराची जाडी मोजा, फोटो काढा, दोन्ही वेगळ्या पिशव्यांत भरा. स्रोताचाही नमुना, म्हणजे खुद्द राख, गाळ किंवा जिप्सम, घेतला नसेल तर पुढे आकृती कोणाशी जुळवायची?

साधी लोखंडी अवजारे या मूलद्रव्यांसाठी चालतात, पण रंग लावलेली नकोत. सिगारेट लायटर मात्र नमुन्याजवळ आणू देऊ नका. त्याच्या ठिणगीच्या खड्यात सेरियम आणि लँथॅनम भरपूर असते. प्रत्येक पिशवीवर आणि आत चिठ्ठीवर गट नंबर, अक्षांश-रेखांश, खोली, तारीख लिहा; पेन्सिलीने, म्हणजे ओलाव्याने पुसत नाही. दर दहा नमुन्यांमागे एक नमुना त्याच शेतातून पुन्हा स्वतंत्रपणे घ्या.

चौथी पायरी: वाळवणे आणि दळणे

सावलीत वाळवा, २ मिलिमीटरच्या नायलॉन चाळणीतून काढा, मग त्यातला थोडा भाग ७५ मायक्रॉनपेक्षा बारीक दळा. दळायला अगेटचा खल वापरा. प्रयोगशाळेत झिरकोनियाच्या गोळ्यांची चक्की असेल तर आधी चौकशी करा, कारण त्या गोळ्या टिकाऊ करण्यासाठी बहुधा इट्रियमच घातलेले असते आणि ते तुमच्या मातीत उतरते. लोहकण काढायला चुंबक फिरवू नका. बेसाल्टी मातीतले मॅग्नेटाइट निघून जाईल आणि मातीचे मूळ घटकच बदलतील.

पाचवी पायरी: विरघळवणे आणि मोजणे

जिल्ह्याच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत ही मूलद्रव्ये मोजली जात नाहीत. मृदा आरोग्य पत्रिकेच्या बारा निकषांत ती नाहीत. हातात धरण्याच्या एक्सआरएफ (क्ष-किरणांनी मूलद्रव्ये ओळखणाऱ्या) यंत्राने इट्रियम दिसते, पण साध्या मातीतल्या बाकीच्यांसाठी ते पुरेसे संवेदनशील नाही. त्यासाठी आयसीपी-एमएस हे अणूंचे वस्तुमान ओळखून मोजणारे यंत्र लागते. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी हे काम होते. विद्यापीठातल्या मार्गदर्शकामार्फत गेलात तर सोपे पडते.

प्रयोगशाळेला पहिला प्रश्न विचारा: माती कशाने विरघळवणार? अ‍ॅक्वा रेजियामध्ये (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात) मोनाझाइट, झेनोटाइम, झिरकॉन ही खनिजे पूर्ण विरघळत नाहीत, राखेतली काच तर बरीचशी तशीच राहते. पूर्ण प्रमाण हवे असेल तर लिथियम मेटाबोरेटसोबत सुमारे १००० अंश सेल्सिअसला वितळवणे किंवा हायड्रोफ्लोरिक आम्ल, हे नेहमीचे मार्ग; पैकी वितळवणे जास्त खात्रीचे. हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरले आणि नंतर फ्लोराइड नीट घालवले नाही, तर या मूलद्रव्यांची फ्लोराइडे तळाशी बसतात आणि आकडा खोटा कमी येतो. हे आम्ल कातडीतून आत जाऊन हाडापर्यंत पोहोचते. धूर ओढणारी कपाट-व्यवस्था, योग्य हातमोजे, कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम आणि अनुभवी माणूस यांपैकी एक जरी नसेल तर महाविद्यालयात तो प्रयोग करूच नका.

दुसरा प्रश्न: बेरियमची दुरुस्ती कशी करता? यंत्रात बेरियम आणि ऑक्सिजन जोडले गेले की १३५ अधिक १६ म्हणजे १५१, आणि १३७ अधिक १६ म्हणजे १५३ वस्तुमान होते. युरोपियमची दोन्ही समस्थानिके (वेगळ्या वस्तुमानाचे अणू) नेमकी याच जागी आहेत. बेरियम जास्त असलेल्या राखेत युरोपियम खोटे वाढून दिसते आणि आपण जो खड्डा शोधत होतो तोच बुजतो. तसेच प्रासिओडिमियमचे ऑक्साइड गॅडोलिनियमवर आणि निओडिमियमचे टर्बियमवर पडते. सेरियम ऑक्साइडचे प्रमाण दोन टक्क्यांखाली ठेवले होते का, हे अहवालात लिहून मागा.

तिसरा: संदर्भ नमुना, म्हणजे ज्याचे आकडे आधीच ठाऊक आहेत असा नमुना, कोणता? बेसाल्टी मातीसाठी अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा बीएचव्हीओ-२ हा हवाई बेटावरचा बेसाल्ट चांगला. त्यात लँथॅनम सुमारे १५ आणि सेरियम सुमारे ३७.५ पीपीएम आहे. तुमच्या तुकडीसोबत त्याचे आलेले आकडे मागा. ते द्यायला प्रयोगशाळा टाळाटाळ करत असेल तर दुसरी शोधा.

सहावी पायरी: आकृती वाचणे

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मातीत लँथॅनम ४६.५, सेरियम ६९.३, प्रासिओडिमियम ७.१ आणि निओडिमियम २७ पीपीएम. भूकवचाच्या सरासरीने भागा: १.५, १.१, १ आणि १. शेवटचे दोन सपाट आहेत. ती रेषा मागे वाढवली तर लँथॅनमही १ च्या जवळ, म्हणजे ३१ पीपीएम असायला हवे होते. वरचे १५.५ पीपीएम आगंतुक. गणिताने करायचे तर भागलेल्या प्रासिओडिमियमचा घन घ्या आणि भागलेल्या निओडिमियमच्या वर्गाने भागा; ते लँथॅनमचे अपेक्षित मूल्य.

याच आकड्यांवर सेरियमचे नेहमीचे सूत्र लावून पाहा: भागलेले सेरियम, छेदात लँथॅनम आणि प्रासिओडिमियमच्या गुणाकाराचे वर्गमूळ. उत्तर येते ०.९. म्हणजे सेरियम ‘कमी’ दिसले, जेव्हा प्रत्यक्षात तेही थोडे वाढलेलेच आहे! छेदातले लँथॅनम फुगले की हे सूत्र फसवते. म्हणून आधी रेषा डोळ्यांनी पाहा, सूत्रे नंतर.

कोकण आणि गोव्याच्या जांभ्यासाठी वेगळा इशारा. जांभा तयार होताना सेरियमचे ऑक्सिडीभवन होऊन ते वरच्या थरात अडकते आणि त्याचे भाईबंद खाली झिरपतात. तिथे सेरियमची उसळी म्हणजे प्रदूषण नव्हे. उलट लोहखनिजाच्या पट्टीदार खडकांत ही मूलद्रव्ये सहसा थोडीच असतात, म्हणून खाणीचा लाल गाळ भातशेतीत आला तर बेरीज घटलेलीही दिसू शकते. आकडा कमी झाला म्हणून शेत सुधारले असे कोणी म्हणू लागले तर त्याला आकृती दाखवा.

वाढीचा गुणांक काढताना मूलद्रव्याला अ‍ॅल्युमिनियमने भागून तेच तुलनेच्या मातीशी ताडतात. जांभ्यात मात्र अ‍ॅल्युमिनियम स्वतःच साचलेले असते. तिथे टायटॅनियम बरे. पण रत्नागिरीच्या किनाऱ्यासारख्या इल्मेनाइटी वाळूत टायटॅनियमही नको, कारण इल्मेनाइट म्हणजे टायटॅनियमचेच खनिज. दोन भाजकांनी काढलेले उत्तर जुळले तरच गुणांकावर विश्वास ठेवा.

सातवी पायरी: हलते की नाही

केरळात चवऱ्याच्या आणि तमिळनाडूत मणवाळकुरिचीच्या वाळूत मोनाझाइटमुळे बेरीज प्रचंड असते, पण मोनाझाइट हट्टी खनिज आहे. पाण्यात सहज सुटत नाही. तिथली मुख्य चिंता थोरियमच्या किरणोत्साराची. चीनच्या जिआंग्शी प्रांतात गांझोउजवळ चित्र उलटे. तिथल्या मातकट खनिजात ही मूलद्रव्ये टक्क्याच्या अल्पांशातच असतात, पण चिकणमातीच्या कणांवर नुसती चिकटलेली. अमोनियम सल्फेट ओतले की सुटतात. खाणकाम तसेच केले गेले, आणि मागे उरली आम्लधर्मी, अमोनियमने भरलेली माती, जिच्यातून ती ओढ्यांत उतरत राहिली. धोका बेरजेप्रमाणे चालत नाही, हे या दोन ठिकाणांवरून लख्ख कळते.

म्हणून प्रत्येक नमुन्याचा एक भाग सौम्य द्रावणाने तपासा: २० ग्रॅम माती, ५० मिलिलिटर १ मोलर अमोनियम नायट्रेट, दोन तास हलवणे, गाळणे, मोजणे. सोबत सामू आणि सेंद्रिय कर्ब घ्याच. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीचा सामू आठच्या आसपास असतो, तिथे ही मूलद्रव्ये घट्ट धरलेली राहतात. कोकणातल्या पाच-साडेपाच सामूच्या जमिनीत तेवढीच बेरीज जास्त काळजीची.

पिकात ही मूलद्रव्ये बहुतांशी मुळांतच थांबतात, दाण्यात फार थोडी पोहोचतात. मेथी-पालकाच्या पानांत जास्त आढळली तर आधी त्याच पानांतले टायटॅनियम पाहा. तेही वाढलेले असेल तर बहुधा मुळावाटे काही शिरलेले नाही, वरून धूळ बसली आहे. तरीही ती पोटात जातेच, फक्त उपाय वेगळा: भाजी वाहत्या पाण्यात नीट धुणे आणि धुळीचा उगम रोखणे. विहिरीचे पाणी तपासायचे तर ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून जागेवरच गाळा आणि शुद्ध नायट्रिक आम्लाने सामू दोनखाली आणा. आधी आम्ल टाकून मग गाळले तर गढुळातली मूलद्रव्ये पाण्यात उतरतात.

आठवी पायरी: अहवाल आणि पुढचे पाऊल

बहुतेक देशांत मातीतल्या या मूलद्रव्यांसाठी कायदेशीर मर्यादा ठरलेली नाही. त्यामुळे ‘मर्यादेपेक्षा जास्त’ असे वाक्य लिहू नका. कोणीही ते एका प्रश्नात पाडेल. ‘त्याच खडकावरच्या तुलनेच्या मातीपेक्षा इतक्या पटीने, वाऱ्याच्या दिशेने घटत जाणारे, आणि आकृती स्रोताच्या नमुन्याशी जुळणारी’ हे वाक्य टिकते. तिन्ही गोष्टी नसतील तर ज्या आहेत तेवढ्याच लिहा. सोबत शिसे, आर्सेनिक, कॅडमियम आणि थोरियम-युरेनियम यांचेही आकडे द्या. राखेच्या बाबतीत आरोग्याचा प्रश्न बहुधा त्यांचाच आधी येतो आणि नव्या नावांच्या कुतूहलात ती जुनी विषे विसरली जाऊ नयेत असे मला फार वाटते. थोरियम जास्त निघाले तर जागेवर गॅमा मोजणी करून घेण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करा.

आम्ल जमिनीत चुना टाकून सामू सहाच्या वर नेला आणि शेणखत-कंपोस्ट वाढवले तर हलणारा अंश बराच घटतो. तोच अमोनियम नायट्रेटचा प्रयोग पुन्हा करून तो मोजताही येतो. जिआंग्शीतल्या उजाड खाणपट्ट्यांवर वाढणारे डिक्रॅनोप्टेरिस नेचे ही मूलद्रव्ये पानांत साठवते, आणि त्याच कुळातले नेचे सह्याद्रीच्या ओलसर दरडींवरही आहे. पण शेत साफ करण्याचा उपाय म्हणून ते आज कोणाला सुचवावे असे मला वाटत नाही, कारण साठवलेली पाने शेवटी टाकायची कुठे हा प्रश्न उरतोच.

ग्रामसभेत निकाल मांडताना प्रत्येक शेतकऱ्याला त्याच्या गट नंबरचा आकडा आधी खासगीत सांगा, मग नकाशा सर्वांपुढे ठेवा. नाहीतर एखाद्याच्या भाजीला बाजारात गिऱ्हाईक उरणार नाही, तेही कदाचित विनाकारण. दळलेल्या मातीचा उरलेला भाग झाकणाच्या प्लॅस्टिक बाटलीत, चिठ्ठीसह, कोरड्या जागी ठेवा. दोन-तीन वर्षांनी त्याच अक्षांश-रेखांशावर, त्याच महिन्यात, त्याच खोलीवरून पुन्हा नमुने घ्या आणि जुन्या बाटल्यांतले थोडे नव्या तुकडीसोबत त्याच यंत्रावर मोजून घ्या.